गाणी लावून केलेला अभ्यास लक्षात राहतो का?

माझी भाची यंदा दहावीला आहे. अभ्यासाला बसली की आधी इअरफोन कानात जातात आणि मग पुस्तक उघडतं. ताईला ते अजिबात पटत नाही. "कानात सतत ते वाजत असताना डोक्यात काय शिरणार?" हा तिचा रोजचा प्रश्न. भाचीचं उत्तरही ठरलेलं: "आई, गाणी असली की मला बसवतं तरी. नाहीतर दहा मिनिटांत उठावंसं वाटतं." दिवाळीत मी त्यांच्याकडे गेले तेव्हा दोघी एकदमच म्हणाल्या, "मावशी, तूच सांग" आणि "हिला तूच समजाव". मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला.

दोघींचं नीट ऐकल्यावर जाणवलं की त्या वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. ताई बोलतेय लक्षात राहण्याबद्दल आणि भाची बोलतेय अभ्यासाला बसवण्याबद्दल. संगीताचा या दोन्हींवर होणारा परिणाम वेगळा आहे, कधीकधी तर अगदी उलटा. हा फरक कळला की बराचसा वाद मिटतो.

आधी एक छोटा प्रयोग करून बघा. घरातल्या कुणाला तरी एक ते नऊ हे आकडे उलटसुलट क्रमाने एका कागदावर लिहायला सांगा. दहा सेकंद ते बघा, कागद पालथा घाला, आणखी दहा सेकंद थांबा आणि मग त्याच क्रमाने आकडे लिहून काढा. मधल्या दहा सेकंदांत तुम्ही काय करत होतात? बहुतेक जण आकडे मनातल्या मनात पुटपुटत असतात. आकडे पाहिले डोळ्यांनी, पण सांभाळून ठेवले ते आवाजाच्या रूपात. कुणी दिलेला फोन नंबर लिहून घ्यायला पेन मिळेपर्यंत आपण हेच करतो. सनावळ्या, व्याख्या, सूत्रं, इंग्रजी शब्दांची स्पेलिंगं पाठ करतानाही हेच चालतं.

ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली कामचलाऊ स्मृतीचा, म्हणजे हातातलं काम होईपर्यंत गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या स्मृतीचा, जो आराखडा मांडला, त्यात या मनातल्या पुटपुटण्याला स्वतंत्र जागा दिली. तिला फोनोलॉजिकल लूप म्हणतात. आपण तिला मनातली पाटी म्हणू. ही पाटी फारच लहान आहे. साधारण २ सेकंदांत जेवढं उच्चारून होईल तेवढंच तिच्यावर मावतं. शिवाय लिहिलेलं लगेच पुसट होत जातं, म्हणून ते पुन्हा पुन्हा गिरवावं लागतं. पुटपुटणं म्हणजे हे गिरवणं.

आता या पाटीची खरी अडचण. बाहेरून कानावर पडणारं बोलणं तिथे न विचारता येऊन बसतं. नको असलेलं दृश्य मान फिरवून टाळता येतं, आवाजाला तशी सोय नाही. तुम्ही 'मी लक्षच देत नाहीये' असं कितीही प्रामाणिकपणे म्हणालात तरी गाण्यातले शब्द पाटीपर्यंत पोहोचलेले असतात आणि तुमच्या सनावळ्यांवर त्यांचे ओरखडे उमटतात. १९८९ साली पिएर सलामे आणि बॅडले यांनी नेमकं हेच तपासलं. पडद्यावर आकडे दाखवायचे, ते क्रमाने आठवायला सांगायचं आणि मागे संगीत लावायचं. शब्द असलेल्या गाण्यांनी सर्वांत जास्त नुकसान केलं, नुसत्या वाद्यसंगीताने त्याहून कमी.

इथे मुलं हमखास एक मुद्दा काढतात. "मी कोरियन गाणी ऐकते, मला त्यातलं अक्षर कळत नाही, मग काय बिघडतं?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर जुनं आहे. १९७६ साली अमेरिकेत कॉले आणि वेल्श या संशोधकांनी लोकांना अक्षरांचे क्रम लक्षात ठेवायला दिले आणि मागे जर्मन भाषेतलं वाचन लावलं. त्या भाषेचा गंध नसलेल्यांच्याही चुका वाढल्या. म्हणजे क्रमाने पाठ करण्याचं काम असेल तर अर्थ कळतो की नाही याने फारसा फरक पडत नाही. आवाजात चढउतार आणि बदल असले की पुरे. धडा वाचून समजून घेताना मात्र चित्र बदलतं. १९८८ च्या एका अभ्यासात फक्त इंग्रजी येणाऱ्यांना वाचायला देऊन मागे एकदा इंग्रजी आणि एकदा रशियन बोलणं लावलं, तेव्हा जास्त त्रास कळणाऱ्या भाषेने दिला. वाचलेल्याचा अर्थ लावण्याचं काम चालू असताना दुसरा अर्थ कानावाटे आत आला की दोघांची टक्कर होते. थोडक्यात, कोरियन गाणं धडा वाचताना मराठी गाण्यापेक्षा बरं, पण सूत्रं पाठ करताना ते तुम्हाला वाचवणार नाही.

माझ्या सर्वांत आवडीचा प्रयोग निक पेरहॅम आणि जोआन व्हिझार्ड यांचा, वेल्समधल्या कार्डिफचा. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. दर वर्षी वर्गात मी तो सांगते, कारण मुलांच्या मनातली सर्वांत पक्की समजूत तो हलवतो. ती समजूत अशी: आवडीचं गाणं त्रास देत नाही, नावडतं देतं. पेरहॅम आणि व्हिझार्ड यांनी लोकांना अक्षरांच्या ओळी क्रमाने आठवायला दिल्या आणि पाच प्रकारची पार्श्वभूमी ठेवली. शांतता, प्रत्येकाने स्वतः आणलेलं आवडीचं संगीत, त्यांना न आवडणारं थ्रॅश मेटल नावाचं वेगवान, कर्कश रॉक संगीत, 'तीन, तीन, तीन' असा एकच आकडा सतत बोलणारा आवाज आणि वेगवेगळे आकडे बोलणारा आवाज.

निकाल काय लागला? आवडीचं संगीत, नावडतं संगीत आणि बदलते आकडे, तिन्हींनी सारखंच नुकसान केलं. शांततेत आणि 'तीन, तीन, तीन' ऐकताना लोकांनी सरस कामगिरी केली. म्हणजे कंटाळवाणा, एकसुरी आवाज निरुपद्रवी ठरला आणि जिवाभावाचं गाणं उपद्रवी. गाणं आवडलं म्हणून पाटीवरची जागा वाढत नाही.

यातलं मर्म 'बदल' या शब्दात आहे. मेंदू ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजाचा क्रम आपोआप लावत असतो: आधी हा सूर, मग तो, मग पुढचा. तुम्हीही त्याच वेळी क्रम लावत असता: आधी १८५७, मग १८८५, मग १९०५. दोन क्रम एकमेकांत गुंततात. पंख्याची घरघर, पावसाची संततधार किंवा दूर चाललेला पंप यांत नवा क्रम लावण्यासारखं काही नसतं, म्हणून त्यांच्या सोबतीने अभ्यास होतो. संगीताचा जीवच मुळी बदलात आहे. एकच सूर तासभर कुणी ऐकणार नाही. जे संगीताला सुंदर करतं तेच पाठांतराच्या आड येतं, आणि हे मला फार विलक्षण वाटतं.

इथे कुणीतरी मोझार्टचं नाव काढतंच. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते, असं आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलेलं असतं. या समजुतीचं मूळ १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या जेमतेम एका पानाच्या लेखात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या फ्रान्सिस राऊशर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ३६ विद्यार्थ्यांना घेतलं. मोझार्टची दोन पियानोंसाठी लिहिलेली एक रचना १० मिनिटं ऐकवली आणि मग कागदाच्या घड्या घालून कापल्यावर तो उलगडला तर कसा दिसेल, अशा प्रकारचे आकृत्यांचे प्रश्न सोडवायला दिले. शांत बसलेल्यांपेक्षा हे विद्यार्थी सरस ठरले. बुद्ध्यांकाच्या भाषेत ८ ते ९ गुणांचा फरक होता. तो १० ते १५ मिनिटांत ओसरला, हेही त्याच लेखात लिहिलं होतं. बातम्यांमध्ये मात्र ते मागे पडलं. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यावी म्हणून १,०५,००० डॉलरची तरतूद मागितली. आकृत्यांच्या कोड्यांवरून गोष्ट थेट पाळण्यापर्यंत गेली.

आपल्या प्रश्नासाठी दोन बारकावे महत्त्वाचे आहेत आणि सहसा कुणी ते सांगत नाही. पहिला असा की विद्यार्थ्यांनी संगीत ऐकलं ते परीक्षेच्या आधी. कोडी सोडवताना काहीही वाजत नव्हतं. दुसरा असा की तपासली होती ती आकृत्या मनात हाताळण्याची क्षमता, स्मरणशक्ती नव्हे. त्यामुळे 'अभ्यास करताना मोझार्ट लावा' हा सल्ला त्या प्रयोगातून निघतच नाही.

पुढच्या काही वर्षांत या परिणामामागचं खरं कारणही हाती आलं. १९९९ साली कॅनडात मोझार्टच्या संगीताऐवजी स्टीफन किंगची एक गोष्ट ऐकवली, तर गोष्ट आवडणाऱ्यांची कामगिरी गोष्टीनंतर सुधारली आणि मोझार्ट आवडणाऱ्यांची मोझार्टनंतर. २००१ साली तिथेच मोझार्टच्या प्रसन्न, वेगवान रचनेसमोर अल्बिनोनीच्या नावाने ओळखली जाणारी एक संथ, उदास रचना ठेवून पाहिली. तिने काहीच फायदा झाला नाही. किमया मोझार्टची नव्हती. मन उल्हसित झालं, अंगात तरतरी आली की पुढची काही मिनिटं डोकं बरं चालतं. हे काम गोष्ट करते, घोटभर चहा करतो, मैदानावरची एक फेरीही करते. व्हिएन्ना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली जवळपास ४० अभ्यासांतली ३,००० हून अधिक माणसांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हाही खास मोझार्टचा असा काही प्रभाव उरला नाही.

आता भाचीचं म्हणणं पुन्हा ऐका. "गाणी असली की मला बसवतं." ती खोटं बोलत नाही. कंटाळा घालवणं, भीती कमी करणं, जड झालेलं मन हलकं करणं यात संगीताचा हात धरणारं दुसरं काही क्वचितच असेल. दहावीच्या वर्षात मुलांच्या मनावर जे ओझं असतं ते पाहता, हे हत्यार त्यांच्या हातातून काढून घेणं मला क्रूरपणाचं वाटतं. प्रश्न फक्त वेळेचा आहे. संगीताचा फायदा मनःस्थितीला होतो आणि तो गाणं थांबल्यावरही थोडा वेळ टिकतो. तोटा पाटीला होतो आणि तो गाणं चालू असेपर्यंतच होतो. मग अभ्यासाला बसण्याआधी दोन आवडती गाणी पूर्ण मन लावून ऐकावीत आणि पुस्तक उघडताना ती बंद करावीत. तासाभराने थकवा आला की पुन्हा एक. मी भाचीला एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गाणं हे बक्षीस?" म्हटलं, बक्षीस नाही, चुलीला घातलेली फुंकर समज. फुंकर मारताना भाकरी थापत नाही आपण.

शिवाय सगळाच अभ्यास पाठांतराचा नसतो. प्रयोगवहीतल्या आकृत्या काढणं, नकाशे भरणं, कच्चं लिहिलेलं पक्क्या वहीत उतरवणं, हात बसलेली गणितं पुन्हा पुन्हा सोडवणं, या कामांत मनातल्या पाटीवर गर्दी नसते. तिथे गाणी असली तर बिघडत नाही, उलट बैठक वाढते. नवा धडा, न समजलेली संकल्पना, निबंध लिहिणं, पाठांतर ही कामं मात्र शब्दांची आहेत आणि शब्दांच्या कामाला गाण्याचे शब्द आडवे येतात. वाद्यसंगीत चालेल का? संथ आणि हळू आवाजातलं असेल तर त्रास कमी. २०१२ च्या एका अभ्यासात वेगवान आणि मोठ्या आवाजातल्या वाद्यसंगीताने वाचनाचं आकलन बिघडवलं, वेग किंवा आवाज यांपैकी एक जरी कमी असलं तरी तितकं बिघडलं नाही. मुलं ऐकतात ते लो-फाय संगीत संथ, शब्दांविना आणि बरंचसं एकसुरी असतं, त्यामुळे ते त्यातल्या त्यात बरं. शांततेपेक्षा सरस मात्र म्हणता येणार नाही.

शिकवण्याच्या व्हिडिओंबद्दलही एक गोष्ट इथेच सांगते, कारण हल्ली अर्धा अभ्यास मोबाइलवर होतो. समजावणाऱ्या माणसाच्या आवाजामागे सतत संगीत वाजत असलेले व्हिडिओ फार दिसतात. रोक्साना मोरेनो आणि रिचर्ड मायर यांनी २००० साली वीज कशी पडते आणि गाडीचे ब्रेक कसे लागतात हे समजावणाऱ्या चलचित्रांवर हेच तपासलं. मागे संगीत असलेली आवृत्ती पाहिलेल्यांना कमी आठवलं आणि कमी समजलं. व्हिडिओ निवडताना संगीत नसलेला निवडावा, आणि शिक्षकांनी तो बनवतानाही ते टाळावं.

आतापर्यंत मी गाण्याची तुलना शांततेशी केली. पण शांतता कुणाच्या घरी असते? एका खोलीत आजोबांच्या बातम्या, स्वयंपाकघरातला कुकर, शेजारच्या भिंतीपलीकडची मालिका, खाली मंडळाचा लाऊडस्पीकर. अशा घरातलं मूल कानात गाणी घालतं तेव्हा ते शांततेच्या बदल्यात गाणी घेत नसतं, बोलण्याच्या बदल्यात घेत असतं. आणि बोलणं पाटीच्या आड येतंच, धडा वाचताना तर कळणारं बोलणं जास्तच, हे आपण वर पाहिलंच. तिथे संथ वाद्यसंगीत किंवा पावसाच्या आवाजाची ध्वनिफीत हा शहाणपणाचा पर्याय आहे. इंग्लंड आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९ साली शब्दकोडी सोडवणाऱ्यांवर संगीताचा परिणाम पाहिला. शब्दांचं असो वा बिनशब्दांचं, शांततेच्या तुलनेत संगीताने कामगिरी घसरली. वाचनालयातल्या साध्या गजबजीने मात्र काही बिघडलं नाही. रात्री गावोगावच्या अभ्यासिकांमध्ये जागा धरून बसणारी मुलं पाहिली की मला हे आठवतं. पानांची सळसळ, खुर्चीची करकर, कुणाचं खोकणं, एवढा आवाज अभ्यासाला चालतो.

माणसामाणसांतला फरकही खरा आहे. एड्रियन फर्नहॅम आणि ॲना ब्रॅडली यांच्या १९९७ च्या प्रयोगात पॉप संगीताचा त्रास अबोल, अंतर्मुख स्वभावाच्या लोकांना वाचनात आणि काही वेळाने आठवून पाहताना जास्त झाला. लगेच आठवायला सांगितलं तेव्हा मात्र दोन्ही स्वभावांचे लोक घसरले. स्वीडनमधल्या २००७ च्या एका अभ्यासात लक्ष टिकवण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी, असलेल्या मुलांना एकसारख्या खरखरीच्या आवाजात जास्त आठवलं, तर बाकीच्या मुलांना कमी. म्हणून एका मुलाकडे बघून दुसऱ्याला दटावू नये.

"पण पाढे तर आपण तालावरच पाठ केले की!" ताईने हा मुद्दा काढला आणि तो बिनतोड आहे. बे एके बे, बे दुणे चार आजही चालीत येतं. भुजंगप्रयातातला श्लोक सत्तरीतल्या माणसाला एका दमात आठवतो. मग संगीत स्मृतीच्या विरुद्ध कसं? इथे फरक असा की पाढ्याची चाल पाढ्यालाच चिकटलेली आहे. ताल शब्दांना धरून ठेवतो, पुढचा शब्द किती अक्षरांचा आणि कुठे आघात येणार हे आधीच सांगतो. पाटीवर दोन गोष्टी भांडत नाहीत, एकच गोष्ट दोन दोऱ्यांनी बांधलेली असते. मागे वाजणाऱ्या गाण्याची चाल तुमच्या धड्याची नसते. ज्याला पाठांतरात संगीत हवंच आहे त्याने आवर्तसारणीला स्वतः चाल लावावी आणि मोठ्याने म्हणावी.

एक प्रश्न उरतो. नुकसान होतंच तर मुलांना ते जाणवत का नाही? कारण अभ्यास छान चाललाय असं वाटणं आणि लक्षात राहणं यांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार सैल आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून पुस्तक मिटून आठवायला लावला. आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांना वाटत होता. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना ६१ टक्के. संगीत तर वाटण्यालाच सुखद करतं, म्हणून त्याच्या सोबतीने फसगत आणखी सोपी.

म्हणून मी भाचीला निकाल सांगितला नाही, मोजायला सांगितलं. सारख्या अवघडपणाची इंग्रजी शब्दांची आठ यादी-पानं करायची. एक दिवस गाण्यांसह, एक दिवस गाण्यांशिवाय, वेळ तेवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी पान न बघता लिहून काढायचं आणि गुण वहीच्या मागे मांडायचे. आठ दिवसांनी तिचा फोन आला. आठवड्यातल्या एका दिवसाचा अपवाद सोडला तर बिनगाण्याचे दिवस पुढे होते, दोन-तीन शब्दांनीच. एका मुलीच्या आठ दिवसांवरून नियम निघत नाही, पण तिच्यापुरता निर्णय तिने स्वतः घेतला.

इअरफोन अजून तिच्या टेबलावरच असतात. इतिहास उघडला की डबीत जातात, नकाशे भरायला घेतले की बाहेर येतात. तिच्या वहीतले आकडे ताईनेही पाहिले. आता संध्याकाळी सात ते नऊ बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज बंद असतो आणि आजोबा बातम्या पडद्यावरच्या पट्टीवर वाचतात.